सावलीचं ताट

सेनापती उराबे कुणाच्याही घरून निघाले की मागे मीठ पडायचं.

ते अंगण ओलांडेपर्यंत घरचे लोक वाकून उभे असत. मग सरकतं दार बंद होई, थोड्या वेळाने हळूच पुन्हा उघडे, आणि उंबऱ्यावर मूठभर मीठ फेकल्याचा आवाज येई. सुपातून वाळू सांडावी तसा बारीक. अंत्यविधीहून आलेला माणूस घरात शिरण्याआधी अंगावर मीठ घेतो, त्यातलाच हा प्रकार. गावाचं म्हणणं असं की सेनापती एकटे येत नाहीत. त्यांच्या मागून त्यांची माणसं येतात, आणि त्यातलं कुणी घरातच रेंगाळलं तर नसती पीडा.

गावाचं यात काही चुकतं असं उराबेंना वाटत नसे. ती माणसं त्यांनाही ऐकू येत. बांधावरून चालताना, देवळामागच्या देवदारांत शिरताना, मागे पत्र्यावर पत्रा वाजल्यासारखा आवाज सुरू होई. सैनिकाच्या जेवणाच्या डब्याचं झाकण सैल झालं की चालताना ते असंच वाजतं. एका डब्याचा आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रिकाम्या डब्यांची अख्खी रांग चालत असेल तर दरी भरून जाते. उराबे थांबले की आवाज थांबे. वळून पाहायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

ते याच हिनोकुबो गावचे. वडील शाळामास्तर. पोराची हुशारी पाहून त्यांनी तादामोतोला, म्हणजे उराबेंना, मिसरूड फुटायच्या आत लष्करी शाळेत घातलं. तिथे तो घोड्यावर बसायला शिकला, नकाशा वाचायला शिकला, पुढे नकाशे काढायला लागला, आणि शेवटी नकाशावर बोट ठेवून दुसऱ्यांना तिथे पाठवायला लागला. मांचुरियाच्या बर्फात त्यांनी रेजिमेंट सांभाळली. राजधानीत कचेरीत बसले. आणि युद्ध ऐन भरात असताना आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांच्या डिव्हिजनचे सेनापती म्हणून नेमले गेले. निघण्याआधी ते गावी आले तेव्हा गावाने कंदिलांची मिरवणूक काढली होती. देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी भाषण केलं. घरच्यांनी पोरांच्या परतीची आशा धरू नये, असं त्या काळी बोलायची रीत होती; तसं ते बोलले. सगळ्या आया ओठ मिटून वाकल्या. एकच बाई, मुलाची कॉलर सारखी करता करता, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परत ये बरं."

उराबेंनी ते ऐकलं आणि दुसरीकडे पाहिलं. ती ओगिवारा ताने. नावाड्याच्या घरची.

डिव्हिजन दूरच्या एका बेटावर गेली, आणि त्या बेटावरून फार थोडे परतले. युद्ध हरल्यावर जेत्यांनी उराबेंवर खटला चालवला आणि त्यांना तोक्योच्या तुरुंगात ठेवलं. तिथून ते कापडाचं एक बोचकं घेऊन सुटले, तेव्हा स्टेशनवर त्यांची विधवा धाकटी बहीण इतो तेवढी आली होती. तुरुंगातच त्यांनी ठरवलं होतं की दरवर्षी भाताची कापणी झाली की गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या प्रत्येक घरी जायचं, ज्या घरचा पोरगा गेला त्या घरच्या पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची आणि कपाळ जमिनीला टेकवायचं. कुणी चार शब्द बोललं तर ऐकून घ्यायचे. कुणी दार उघडलं नाही तर दारालाच वाकायचं.

"निघालात का मेलेल्यांची झोपमोड करायला?" इतो दर वेळी म्हणे.

"जेवायला थांबू नकोस."

"मी कशाला थांबू? त्यांच्याकडे मीठ संपलं तर आपल्याकडचं घेऊन जा म्हणावं."

सगळ्या गावात एकच घर असं होतं जिथे मीठ पडत नसे. ते ओगिवारांचं. म्हणून उराबे ते घर शेवटी ठेवत. तानेचा थोरला, सोकिची, बेटावरून आला नव्हता. तो रणात पडल्याचा कागद आला होता आणि मागून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली होती. त्या पेट्यांमध्ये अस्थी नसत, त्या बेटावरची थोडी वाळू असे. तानेने पेटी उघडली, वाळू बोटांत धरून पाहिली आणि मुळ्याच्या वाफ्यात नेऊन टाकली.

पहिल्या वर्षी उराबे तिथे गेले तेव्हा तिने त्यांच्या हातातली उदबत्ती काढून घेतली होती.

"जिवंत माणसाला उदबत्ती दाखवायला आलात होय? बसा. चहा घ्या."

शेगडीपाशी सोकिचीची जागा मोकळी ठेवलेली होती. तिथे त्याचं ताट मांडलेलं होतं: वाफाळता भात, मिसोचं कढण, मुळ्याचं लोणचं, भाताच्या वाडग्यावर लाकडी झाकण. लांबच्या प्रवासाला गेलेल्या माणसासाठी घरी असं सावलीचं ताट मांडतात, वाटेत त्याने उपाशी राहू नये म्हणून. तानेने झाकण उचलून उराबेंपुढे उलटं धरलं. आतून थेंब जमले होते.

"बघा. सुखरूप आहे," ती म्हणाली. "झाकणाला थेंब आले म्हणजे माणूस बरा आहे. माझी सासू बघायची, तिची सासू बघायची. माझ्या घरचं लढाईत कुणी मेलेलं नाही साहेब. तुमच्या मागून जे कोण येतात ते माझ्या घरचे नाहीत. मी कशाला मीठ वाया घालवू?"

उराबेंनी त्या थेंबांकडे पाहिलं आणि चहा घेतला. थंड झाकणावर गरम वाफ गेली तर पाणी जमणारच, हे त्यांना कळत होतं. पण त्यांना दुसरंही काही ठाऊक होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मागून येणाऱ्या झाकणांच्या आवाजात त्यांना सोकिची कधी ऐकू आला नव्हता.

तेव्हापासून वर्षभर कुठेच मिळत नसलेली गोष्ट त्यांना त्या घरी मिळायला लागली. पाहुणा म्हणून बसायला जागा.

*

त्या वर्षीच्या शरदात सोललेली पर्सिमनची फळं वळचणीला दोरीने टांगायचं काम चाललं होतं. इतो शिडीवर होती, उराबे खालून माळा देत होते. फाटकातून ओगिवारांची सून फुमिए आत आली. खांद्यावर टोपली, डोक्याला फडकं. ती वाकली, पण कमरेत थोडीच.

"सेनापतींशी बोलायचंय."

"बोल की. ते काय आता कुठे मोहिमेवर निघालेत?" इतो वरून म्हणाली.

"एकट्यांशी बोलायचंय, इतो काकू."

"शिडीवरून मला तसंही ऐकू येत नाही," असं म्हणून इतोने पाठ फिरवली आणि एकाच गाठीशी बराच वेळ झटत राहिली.

फुमिए चाळिशीकडे झुकली होती. लग्न झालं तेव्हा सोकिचीला भरतीचं बोलावणं आलेलं होतं. मूलबाळ नाही. घरात ती, सासू आणि धाकटा दीर यासुके. नदीवरची नाव आता यासुकेच चालवी.

"सेनापती, तुम्ही आमच्या घरी झाकण बघता ना?"

"बघतो."

"ते झाकण मी रोज विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवते. भात वाढला की पुसते आणि झाकते. थेंब न येऊन जातील कुठे? उन्हाळ्यात एकदा आले नव्हते. दुपारपर्यंत आईंनी पाण्याचा घोट घेतला नाही, नुसत्या दाराकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी झाकण बुडवायला लागले."

उराबेंनी हातातली माळ खाली ठेवली.

"यासुकेला आणि मला लग्न करायचंय. थोरला गेला की धाकट्याने वहिनीला नांदवायचं, यात गावात कुणाला वावगं वाटत नाही. सगळे वाटच बघताहेत. पण थोरला गेला असं घरात म्हणायचं कुणी? आईंसमोर यासुके माझ्या हातचा चहासुद्धा घेत नाही, भाऊ बघतोय म्हणून. आता तो म्हणतो, घाटात बर्फ पडायच्या आत धरणाच्या कामावर जातो, परत काही येत नाही. गेला की आईंचा दुसराही गेला. आणि मी काय, झाकणं बुडवत बसते आयुष्यभर."

"मी काय करू?"

"आईंना सांगा, तुम्ही त्याला मरताना पाहिलंत. तुमच्या तोंडून आलं तर ऐकतील. बाकी कुणाचं नाही ऐकत. भिक्षू येऊन थकले, सरपंच थकले."

"तू का नाही..."

"मी एक दिवस झाकण उन्हात ठेवलं की संपलं सगळं. मला कळत नाही का? पण माझ्या हाताने मी त्याला कसं मारू?" तिने टोपलीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "तुमच्या हाताला सवय आहे. कागदावर एकदा मारलंच आहे तुम्ही त्याला. आता तोंडाने मारा."

शिडीवरून एक फळ सुटून खाली पडलं. इतोने ते उचललं नाही.

"उद्या सकाळी ताट मांडलेलं असेल," फुमिए म्हणाली. या वेळी ती नीट वाकली, आणि गेली.

बऱ्याच वेळाने इतो शिडी उतरली. "दादा, मी काही ऐकलं नाही. पण त्या पोरीचं बरोबर आहे."

"मी पाहिलंय का त्याला मरताना, ते विचारलं नाहीस."

"कागदावर तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं."

ते का लिहिलं होतं, हे इतोला नव्याने समजावण्याची गरज नव्हती. बेटावर मागे राहिलेल्या ज्यांचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं, अशा नावांचा प्रश्न आला होता. 'बेपत्ता' लिहावं तर शत्रूच्या हाती जिवंत सापडला असेल, ही शंका. त्या काळी अशा घराकडे गाव पाठ फिरवायचं, बहिणींची लग्नं मोडायची, म्हातारा बाप शेतात तोंड लपवून काम करायचा. म्हणून उराबेंनी त्या सगळ्यांना कागदावर रणात पाडलं. सही करताना आपण शेकडो घरांची अब्रू वाचवतोय असं त्यांना वाटलं होतं, आणि त्या रात्री ते शांत झोपले होते. पुढच्या सगळ्या वर्षांत जिच्या झोपेची लाज वाटावी अशी तेवढी एकच रात्र.

*

बेटावरच्या त्या नदीला पूर आला होता. डिव्हिजन मागे हटत होती आणि पलीकडे गेल्याशिवाय सुटका नव्हती. पूल नव्हता. तेव्हा कुणीतरी सांगितलं, ओगिवारा नावाचा एक नाईक आहे, घरचा नावाडी. सोकिचीने वेली आणि टेलिफोनची तार पिळून दोर केला, पोहत जाऊन पलीकडे बांधला, आणि त्या दोराला धरून तराफे ओढायला सुरुवात केली. हिनोकुबोत त्याचा बाप असाच नाव ओढायचा.

आवाज करू नका, डब्यांना चिंध्या बांधा, असा हुकूम उराबेंनी दिला. चिंध्या कुणाकडेच उरल्या नव्हत्या. अंधारात रांग सरकत होती आणि झाकणं वाजत होती. जे चालू शकत नव्हते त्यांना शेवटी आणायचं ठरलं होतं. ते अलीकडच्या काठावर, झाडाखाली, पानांवर पडून होते.

उजाडताना, बाकीचे पार झाल्यावर, सोकिची पैलतीरावर उराबेंसमोर आला. चेहरा तापाने पिवळा.

"साहेब, आता आजाऱ्यांना आणतो."

"जा. घेऊन ये."

तो रिकामा तराफा ओढत परत गेला. आजाऱ्यांच्या काठाला टेकला, आणि तोफा वाजायला लागल्या. शत्रू त्या काठावर जवळच आला होता. दोर राहिला तर त्याच दोराने तो इकडे येणार. दोरापाशी उभ्या अधिकाऱ्याने उराबेंकडे पाहिलं. उराबेंनी मान हलवली. दोर कापला गेला.

कापलेलं टोक पाण्यात पडून वाहत निघालं. पलीकडे सोकिचीच्या हाताला ते सैल लागलं असावं. त्याने मान वर करून या काठाकडे पाहिलं, सरळ उराबेंकडे पाहिलं. ओरडला नाही. मग तो दोर हातावर हात टाकत आत ओढायला लागला, वळी करत, वळीवर वळी बसवत. सगळा दोर नीट गुंडाळून झाल्यावर त्याने तो एका दगडावर ठेवला आणि झाडाखाली पडलेल्यांकडे गेला. तेवढंच. त्यापुढचं उराबेंनी पाहिलं नव्हतं.

*

सकाळी धुकं नदीवरून वर येत होतं. उराबे ओगिवारांच्या घरी पोचले तेव्हा यासुके नावेतलं पाणी उपसत होता. त्याने हात थांबवले नाहीत, फक्त मान खाली घातली. उराबेंच्या मागे देवळाच्या वळणापासून झाकणं वाजत आली होती. अंगणाशी ती थांबली. या घरापाशी ती नेहमीच थांबत.

"या साहेब," ताने म्हणाली. "अजून तुमची पाळी यायची होती. यंदा लवकर?"

"थोडं बोलायचं होतं."

"मग बसा की. उभ्याने बोलायला काय कवायत आहे?"

फुमिएने ताट आणून सोकिचीच्या जागी ठेवलं, झाकण पुसून वाडग्यावर ठेवलं आणि दाराच्या कडेला गुडघे दुमडून बसली. तिने उराबेंकडे एकदाही पाहिलं नाही. तिचे हात विहिरीच्या पाण्याने लाल झाले होते.

उराबेंनी रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती लढाईच्या वृत्तांतासारखी झाली होती, छोटी आणि स्वच्छ.

"ताने आजी, सोकिचीविषयी मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. त्याला गोळी लागली. नदीकाठी, तराफा ओढताना. मी तिथेच होतो. लगेच संपलं. त्याला त्रास झाला नाही."

तानेच्या हातात शेगडीतला चिमटा होता. तिने तो राखेत रोवून ठेवला, सरळ, पडणार नाही असा.

"कुठे लागली?"

"छातीत."

"काही बोलला?"

"नाही. वेळच मिळाला नाही."

बाहेर नावेतून पाणी उपसल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

म्हातारी जागेवरून सरकली, उराबेंच्या समोर आली, आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून तिने कपाळ त्यांवर ठेवलं. एवढ्या वर्षांत त्या घरात उराबेच वाकत आले होते. तिच्या पांढऱ्या केसांचा भांग त्यांना वरून दिसत होता.

"उपकार झाले," ती जमिनीकडे तोंड करूनच म्हणाली. "तुम्ही होतात जवळ. मला वाटायचं, मेला असेल तर एकटाच मेला असेल. तेवढ्यासाठीच मी तो मेला असं म्हणत नव्हते, साहेब. थेंबाचं काय, सून झाकण भिजवते हे मला माहीत आहे. पण एकटा मेला असेल तर मला ते नको होतं. आपलं माणूस होतं शेजारी. उपकार झाले."

फुमिएचं तोंड उघडं राहिलं. उराबेंना पुढचं सगळं दिसलं. ही बाई उठेल, ताट उचलेल, देव्हाऱ्यापुढे नेईल. सगळं ठरल्यासारखं होईल. यासुके राहील. आणि दरवर्षी ही त्यांना चहा देईल, मुलाच्या शेवटच्या घटकेला सोबत असलेला माणूस म्हणून.

"उठा," ते म्हणाले. "आजी, उठा. मी जवळ नव्हतो."

ती तशीच राहिली.

"मी पलीकडे होतो. त्याला गोळी लागली नाही. लागलेली मी पाहिली नाही. तो आजाऱ्यांना आणायला परत गेला होता, माझ्याच हुकमाने. आणि तो तिकडे असताना मी दोर कापायला लावला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तोफा, अधिकाऱ्याची नजर, आपली मान. सांगताना ते थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सोकिचीने दोर आत ओढून गुंडाळला हे सांगितलं तेव्हा तानेने डोकं वर केलं.

"वळी करून?"

"वळी करून. दगडावर ठेवला."

"ओला दोर तसा टाकून द्यायचा नाही," ती म्हणाली. "बापाने शिकवलं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "त्याने तुम्हाला पाहिलं?"

"पाहिलं."

"म्हणजे कुणी कापला ते त्याला कळलं."

"कळलं असेल."

ती शेगडीपाशी जाऊन बसली. चिमटा उपसून तिने निखारे सारखे केले. फुमिए भिंतीला टेकली होती. तिने मागितलं होतं ते हे नव्हतं, आणि आता ते परतही करता येत नव्हतं.

"एक खोटं सांगून झालंय तुमचं," ताने म्हणाली. "आता खरंच सांगताय तर हेही सांगा. त्या काठावर माणूस किती टिकला असता?"

नकाशावाल्या माणसाला विचारावा तसाच प्रश्न होता, आणि उराबेंनी तसंच उत्तर दिलं.

"खायला काही नव्हतं. मीठसुद्धा संपलं होतं. मिठावाचून पाय सुजतात, मग चालवत नाही. मागे दलदल होती. त्याला ताप होता. शत्रूने धरला असता तर पुढे कैद्यांच्या नावांत नाव आलं असतं. त्या काठावरचं एकही नाव आलं नाही. मी तुरुंगात असताना ती नावं मागून मागून पाहिली. पुढची पौर्णिमा त्याने बघितली असेल. त्याच्या पुढची नाही."

"आणि त्या आजारी पोरांना सोडून तो पळाला असेल?"

"नाही."

"नाही," ती म्हणाली. "तसा नव्हता."

तिने हात लांब करून सोकिचीचं ताट आपल्याकडे ओढलं. झाकण उचललं. आतले थेंब घरंगळून भातावर पडले. झाकण तिने मांडीवर उलटं ठेवलं आणि ताट उराबेंपुढे सरकवलं. सावलीचं ताट झालं की घरच्याच कुणीतरी ते संपवायचं असतं. रोज फुमिए संपवी. ती पुढे झाली तेव्हा म्हातारीने तिला हाताने अडवलं.

"जेवा."

"आजी..."

"गार होतंय. त्याचं आहे, टाकून द्यायचं नाही. जेवा."

उराबेंनी काड्या उचलल्या. भाताचा घास तोंडात घातला.

"असा भात होता तिथे?"

"नाही."

त्यांनी कढणाचा घोट घेतला.

"मिसो?"

"नव्हतं."

"मुळा?"

"नव्हता."

"त्याला खारवलेला मुळा फार आवडायचा," ताने म्हणाली. "घ्या ना. दोन घ्या."

फुमिए रडत होती, पण आवाज न करता. उराबे चावत राहिले. प्रत्येक घास गिळताना तो खाली जातोय हे त्यांना कळत होतं, दगड विहिरीत सोडावा तसा. वाडगा रिकामा झाला. काठाला लागलेली शितंही त्यांनी वेचून खाल्ली, कारण म्हातारी बघत होती. दारात यासुके येऊन उभा राहिला होता, हातात पाणी उपसायचं भांडं घेऊन. किती ऐकलं होतं कोण जाणे.

ताने उठली. रिकामा वाडगा तिने धुतला, त्यात ताजा भात वाढला, उंच, शिखर करून. झाकण ठेवलं नाही. पितरांच्या देव्हाऱ्याची दारं उघडून तिने नवऱ्याच्या नावाच्या पाटीशेजारी तो वाडगा ठेवला. उघडा. मेलेल्याच्या भाताला झाकण नसतं.

"सूनबाई," ती मागे न बघता म्हणाली, "यासुकेला चहा दे. बसून घेऊ दे."

मग उराबेंकडे वळली. "उदबत्ती आणली असेल ना तुम्ही?"

ती त्यांच्या बाहीत होती. ते ती कधीच विसरत नसत. त्यांनी पेटवली, राखेत खोचली, आणि कपाळ टेकलं. धूर सरळ वर गेला. ते उठले तेव्हा कुणी त्यांना बसा म्हणालं नाही.

अंगणात धुकं विरळ झालं होतं. तिघंही दाराशी वाकून उभी राहिली. नीट, खोल वाकून, इतर सगळ्या घरी वाकतात तशी. उराबेंनी अंगण ओलांडलं. मागे दार बंद झाल्याचा आवाज आला.

ते थांबले. थांबायला नको होतं, पण पाय थांबले.

दार पुन्हा उघडलं, हळूच. आणि उंबऱ्यावर मीठ पडलं. एक मूठ. मग थोड्या वेळाने आणखी एक, पहिलीपेक्षा मोठी.

उराबे चालायला लागले. देवळाच्या वळणावर देवदारांच्या सावलीत शिरताच मागे झाकणं वाजायला लागली, नेहमीसारखी, लांबच लांब. त्यांनी कान दिला. रांगेच्या अगदी शेवटी आज एक नवा आवाज होता. तो बाकीच्यांपेक्षा सावकाश होता, आणि जवळ यायची त्याला काहीच घाई नव्हती.